सफरचंद, दालचिनी आणि बिस्किटांचा पुडा

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले, अर्धापूर मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा याच पट्ट्यातले गाव. इसापूर धरणाच्या कालव्यांनी या भागाला पाणी दिले आणि केळी, हळद, ऊस ही इथली ओळख झाली. सफरचंदाचे झाड मात्र इथे सहसा दिसणार नाही. त्याच्या रूढ जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते आणि तेवढी थंडी मराठवाड्यात पडत नाही. तरीही पावसाळा सरत आला की हिमाचलची आणि मागोमाग काश्मीरची सफरचंदे दीड हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता तुडवत नांदेडच्या बाजारात येतात आणि तिथून गावोगावच्या हातगाड्यांवर पोचतात.

ती घरी आली की बहुधा कापून, फोडी करून संपतात. आजारी माणसासाठी, उपवासासाठी, नाहीतर मुलांच्या डब्यात. त्यांचे गरम, खमंग गोड पक्वान्न करावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण ‘बेकिंग’ म्हटले की ओव्हन, अंडी आणि बिघडलेला केक डोळ्यांसमोर येतो. सफरचंद-दालचिनीच्या बिस्किट पुडिंगला यातले काहीच लागत नाही. जाड बुडाची कढई, बिस्किटांचा पुडा आणि थोडी समज एवढ्यावर ते जमते.

जगभर या पदार्थाची भावंडे आहेत आणि ती सगळी काटकसरीतून जन्मली आहेत. अमेरिकेत ‘ब्राउन बेटी’ नावाच्या पुडिंगचा उल्लेख १८६४ सालापासून सापडतो. शिळ्या पावाचा चुरा आणि सफरचंदे यांचे थर लावून ते भाजत. डेन्मार्कमध्ये शिजवलेल्या सफरचंदावर भाजलेला चुरा पसरतात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोणी, साखर यांचे रेशनिंग झाले, तेव्हा पिठाच्या पारीचा पूर्ण ‘पाय’ करण्याऐवजी फळांवर नुसता चुरा भुरभुरून ‘क्रंबल’ भाजण्याची रीत घरोघर रुळली. घरात जे उरले आहे ते फळाशी जोडायचे, हेच या सगळ्यांचे सूत्र.

आपल्याकडे उरलेला पाव क्वचित असतो, बिस्किटे मात्र हमखास असतात. विलेपार्ल्याच्या कारखान्यात १९३९मध्ये पार्लेने बिस्किटे करायला सुरुवात केली आणि पुढे ग्लुकोज बिस्किट गावातल्या लहानात लहान टपरीपर्यंत पोचले. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाण्याची आणि नानकटाई किंवा बिस्किटे भाजून आणण्याची पद्धत आहे. म्हणजे भाजलेल्या पिठाची चव मराठी घराला नवी नाही. ओव्हन घरात नव्हता, एवढेच.

सफरचंदाची आपल्या घरापर्यंतची वाट मोठी आहे. मध्य आशियातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर त्याचा रानटी पूर्वज आजही उभा आहे. हिमाचलात कोटगढच्या परिसरात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकी माणसाने १९१६च्या सुमारास ‘रेड डेलिशस’ची रोपे लावली आणि तिथल्या बागायतीचे रूप पालटले. याच जातीचे आणि तिच्या भाईबंदांचे लाल, गोड सफरचंद आपल्या बाजारात सर्वाधिक दिसते. ते कच्चे खायला छान, पण शिजवले की पटकन गाळ होते आणि त्यात आंबटपणाही कमी. म्हणून हाताला घट्ट लागणारी फळे निवडावीत आणि लिंबाचा रस न विसरता घालावा. हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ मिळाले तर उत्तम. ते आंबट असते आणि शिजल्यावरही फोड शाबूत राहते.

दालचिनीचे आपल्याकडचे घर म्हणजे काळ्या मसाल्याचा डबा. गोडासाठी आपण वेलची आणि जायफळ वापरतो, त्यामुळे दालचिनी घातलेले गोड आधी अनोळखी वाटते. पण तिच्या वासातच गोडवा आहे, म्हणून साखर थोडी कमी घातली तरी चालते. तिचा वास देणारे द्रव्य, सिनामाल्डिहाइड, तुपात सहज विरघळते. तेव्हा पूड थेट फळावर न टाकता कोमट तुपात घालावी, वास सगळीकडे पसरतो.

विकत घेताना साल नीट पाहावी. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, अनेक पापुद्र्यांची आणि सहज मोडणारी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोंकण तेज’ ही जातही खऱ्या दालचिनीचीच. किराणा दुकानात मात्र बहुधा कॅशियाची जाड, कडक, एकेरी वळलेली साल मिळते. तिचा झणका जास्त, पण तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्यही जास्त असते. ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर यकृताला बाधू शकते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. सहा जणांच्या पुडिंगला अर्धा छोटा चमचा पूड घातली तर काळजीचे कारण नाही. रोज चमचा-चमचा दालचिनी खाण्याचे जे सल्ले फिरतात, ते मात्र कॅशियाच्या बाबतीत पाळू नयेत.

आता कृती. चार मध्यम सफरचंदे सोलून त्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात. त्यांना दोन चमचे लिंबाचा रस आणि चार चमचे साखर किंवा किसलेला गूळ चोळून वीस मिनिटे ठेवावे. लिंबामुळे फोडी काळ्या पडत नाहीत आणि साखर फळातले पाणी बाहेर ओढते. इथेच या पदार्थाची खरी मेख आहे. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असते. ते तसेच राहिले तर खालचे बिस्किट लगदा होते. म्हणून सुटलेला रस आधी कढईत आटवून घट्ट करावा, मग फोडी, एक चमचा तूप आणि दालचिनी घालून सहा-सात मिनिटे परतावे. फोड बोटाने दाबता यावी, पण मोडू नये. हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्यावे.

दोनशे ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांचा जाडसर चुरा करावा. पावसाळ्यात सादळलेली बिस्किटेही चालतात, फक्त ती आधी तव्यावर कोरडी करून घ्यावीत. चुऱ्यात पाच चमचे पातळ केलेले लोणी किंवा तूप कालवून त्यातला दोन तृतीयांश भाग सात इंची डब्याच्या तळाशी घट्ट दाबावा. वर सफरचंद पसरावे. उरलेला चुरा तव्यावर सोनेरी होईपर्यंत भाजून वरून भुरभुरावा. ग्लुकोज बिस्किटात जवळपास पाव भाग साखर आधीच असते, त्यामुळे चुऱ्यात वेगळी साखर नको.

वरचा चुरा तव्यावर भाजायला कारण आहे. ओव्हनमध्ये चहूकडून उष्णता मिळते आणि १८० अंशांवर पंचवीस मिनिटांत पुडिंगवर रंग चढतो. कढईत उष्णता मुख्यतः खालून येते, वरचा थर फिकाच राहतो. कढईत मिठाचा थर पसरून त्यावर स्टँड ठेवावा, झाकण लावून दहा मिनिटे तापू द्यावे आणि मग मंद आचेवर डबा तीस ते पस्तीस मिनिटे आत ठेवावा. कुकर वापरायचाच असेल तर जुना घ्यावा आणि शिट्टी व रबर आठवणीने काढून ठेवावे. पाणी न घालता तापवल्याने कुकरचा पत्रा खराब होऊ शकतो, म्हणून जाड कढई बरी.

हा पदार्थ सहसा फसत नाही. केकमध्ये पीठ फुगावे लागते, आतून शिजावे लागते. इथे बिस्किट आधीच भाजलेले आहे आणि फळ आधीच शिजलेले. आच फक्त दोघांना एकत्र बांधते. घाई एकाच ठिकाणी नडते. डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबावे, म्हणजे सफरचंदातले पेक्टिन आळते आणि वडी सुबक कापली जाते. वर साय किंवा थंड दूध घालून खावे.

डोंगरकड्यासारख्या गावात याच कृतीत केळीही घालून पाहावीत. पिकलेली पण घट्ट केळी घ्यावीत, अर्ध्या इंचाच्या चकत्या कराव्यात, साखर वगळावी आणि आधी शिजवू नये. केळ्यात सफरचंदापेक्षा पाणी कमी आणि गोडी जास्त असते, त्यामुळे भाजायला वीस मिनिटे पुरतात. लिंबू आणि दालचिनी मात्र तशीच ठेवावी. सफरचंद महाग असेल त्या आठवड्यात बागेतल्या घडातली चार केळी काढा आणि बिस्किटांचा पुडा फोडा, तेवढ्यावर रविवारचे गोड होते.