देणगी आणि हिशेब

सार्वजनिक संस्थेच्या दारीं द्रव्य येतें तें विश्वासाच्या पाठोपाठ. आणि हा विश्वास वक्तृत्वानें मिळाला, तरी टिकतो तो हिशेबानें. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचें उदाहरण पाहावें. देशी उद्योगांस साहाय्य करा, असें मोघम न सांगतां दर माणशीं एक पैसा मागण्यांत आला. मागणी इतकी लहान, कीं गरिबालाही ती आपल्या आवांक्यांतली वाटावी. १९०८ सालीं तळेगांव येथें निघालेला कांचेचा कारखाना हें त्या पैशांचें डोळ्यांना दिसणारें फळ होय.

मोठ्या देणगीची रीत निराळी. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं महर्षि कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपये देऊं केले, तेव्हां तें विद्यापीठ चार वर्षें चाललेलें होतें. देणाऱ्यापुढें नुसता संकल्प नव्हता. प्रत्यक्ष कार्य होतें.

संस्थाचालकांनीं दात्यास तीन गोष्टी सांगाव्या: काय हवें, त्यानें काय साधेल, आणि मागील रकमेचें काय झालें. यांतील तिसरी बहुधा राहून जाते. मग पुढील वर्षीं दार मिटलेलें आढळतें, आणि दोष मात्र दात्याच्या कृपणतेस दिला जातो! पावतीनें व्यवहार पुरा होतो. संबंध मात्र तेथूनच सुरू होतो.