लिलावाचा छोटा हत्ती

आरटीओच्या कंपाउंडला लागून एजंटांच्या टपऱ्या आहेत. त्यांतल्या एकीसमोर छोटा हत्ती उभा आहे, बारामती पासिंगचा, एमएच-42. डाव्या दाराला पोचा, हौद्यात वाळलेली कांद्याची पात. शेठनं तो बँकेच्या ऑनलाइन लिलावात उचललाय, ‘जिथे आहे, जशी आहे’ या अटीवर. पैसे भरले, यार्डातून गाडी सुटली, आणि एका भाजीवाल्या दादांना त्यानं ती विकूनही टाकलीय. फक्त आरसी बुक नाही.

“बघा काका, सगळं आहे,” म्हणत शेठ फाइल पुढं सरकवतो. बँकेचं विक्रीपत्र, पैसे भरल्याची पावती, यार्डाचा कागद, बोजा उतरवायचा फॉर्म 35, आणि सगळ्यात वर स्वतः भरून आणलेला फॉर्म 32.

एजंट काका नेमका तोच काढून बाजूला ठेवतात. “हा कुणी सांगितला?”

“लिलावाचाच फॉर्म आहे की.”

“सरकारी लिलावाचा. सरकारनं गाडी विकली तर 32. तुमची बँकेची.”

तोवर काकांचा पोरगा गाडीखाली गेलाय. रॉकेलचा बोळा चासीवर घासतो, गंज काढतो, कागदाची पट्टी दाबून धरतो आणि शिसपेन्सिल आडवी फिरवतो. करड्या पट्टीत एकेक पांढरं अक्षर उमटत येतं. पहिली तीन ‘एमएटी’, म्हणजे टाटा. सतराच्या सतरा उमटल्यावर तो बाहेर येतो, विक्रीपत्रावरच्या आकड्यांशी बोट लावून ताडून बघतो. गाडी तरी तीच आहे.

घोळ मालकाचा आहे. हप्ते थकले म्हणून बँकेनं गाडी ओढून आणली, तरी नोंद अजून इंदापूरकडच्या कर्जदाराच्याच नावावर. यातून सरळ वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मधून जाते. बँकेनं फॉर्म 36 भरून नवं बुक स्वतःच्या नावावर मागायचं. जुना मालक बुक देत नसेल, तर आरटीओ त्याला फॉर्म 37 ची नोटीस काढतं आणि त्याचं म्हणणं मांडायला संधी देतं. मग बुक बँकेच्या नावावर, आणि तिथून 29-30 भरून घेणाऱ्याच्या. वाट लांबची आहे, त्यामुळं जुन्या गाड्यांच्या बाजारात तिच्यावरनं कुणी राजीखुशीनं जात नाही.

शेठही जाणार नाहीच. तो फाइलच्या कप्प्यातून हळूच आणखी कागद काढतो. कर्ज देताना मालकाच्या सह्या घेऊन ठेवलेले कोरे 29 आणि 30. “तारीख तेवढी टाकायची.”

“तारीख टाकाल. ओटीपी कुठून आणाल? तो नोंदलेल्या मोबाइलवर जातो.”

शेठ फोन लावतो, स्पीकरवर.

“दादा, तुमच्या गाडीचं जरा काम होतं. एक ओटीपी येईल...”

“कुठली माझी गाडी? ढाब्यावरनं ओढून नेली ती?”

“नेणारे आम्ही नव्हे, आम्ही लिलावात घेतलीय.”

“मग चलान मला का येतंय? परवा सीटबेल्टचं आलं. फोटोत गाडी माझी, ड्रायव्हर भलताच!”

शेठ त्याच्या ड्रायव्हरकडं बघतो. ड्रायव्हर चहाच्या ग्लासात बघतो.

“भरतो ते चलान. ओटीपी तेवढा...”

“आधी बँकेकडून लिहून आणा, माझ्याकडं काही बाकी नाही म्हणून. गाडीपण गेली, वर वकिलाची नोटीस आलीय.” फोन बंद.

माणूस चिडलाय, पण अडवणूक म्हणावी असं त्यात मला काही दिसत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये, गाडी हातोहात विकली गेली तरी नोंद ज्याच्या नावावर त्यालाच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरलं. ते विक्रीचं प्रकरण होतं, ओढून नेलेल्या गाडीचं नव्हे. तरी आपल्या नावावरची गाडी कोण कुठं फिरवतंय, याची धास्ती घ्यायला तेवढं पुरे.

आता बँकेला फोन. बराच वेळ गाणं वाजतं, मग पलीकडचा मुलगा सांगतो की 36 चा अर्ज अजून गेलेला नाही, मेल टाका. काका दरम्यान पाकिटाच्या पाठीवर बाकीची यादी करताहेत: विमा संपलेला, फिटनेस संपलेला, चलानं थकलेली. गाडी 2017ची, म्हणजे 1 एप्रिल 2019च्या आधीची, आणि एचएसआरपी प्लेट नाही. त्यावाचून नावबदलाचं काम पुढं सरकत नाही.

“विमा नाही तर इथवर आणली कशी?”

“चालवत,” ड्रायव्हर म्हणतो.

“जाताना टो करून न्या.”

इतका वेळ गप्प बसलेले भाजीवाले दादा उठतात. शेठनं उरलेल्या रकमेचा विषय काढायच्या आतच ते म्हणतात, “उरलेले बुक माझ्या नावावर दिसल्यावर. आणि आधी दिलेत त्यांची पावती करा, गाडी नंबर टाकून.”

शेठ कुरकुरत लिहायला घेतो.

“खाली आणखी एक ओळ टाका,” दादा वाकून सांगतात, “गाडी अजून माझ्या ताब्यात दिलेली नाही.”