काळजीच्या विकाराची पंचेचाळीस वर्षं

‘तिचा स्वभावच काळजीचा’ असं म्हणून आपण कित्येक माणसांचा त्रास निकालात काढतो. मुलाचा फोन लागला नाही की तिला अपघात दिसतो, नवरा खोकला की मोठं दुखणं दिसतं, महिनाअखेरीचा हिशेब डोक्यातून हलत नाही. सोबत छातीत धडधड, आखडलेले खांदे, बिघडलेलं पोट आणि उडालेली झोप. ईसीजी नॉर्मल येतो, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, ‘उगाच टेन्शन घेऊ नकोस.’ वैद्यकशास्त्रानंही या त्रासाला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली ती १९८० साली. तिथपासून आजवरचा मागोवा घेतला तर बरंच काही कमावल्याचं दिसतं आणि काय राहून गेलं तेही कळतं.

त्याआधीची पाऊण शतकाहून अधिक वर्षं फ्रॉइडच्या एका संकल्पनेखाली गेली. १८९५ साली त्याने ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ वेगळा काढला. पण अचानक येणारा भीतीचा झटका आणि दिवसभर मागे लागलेली काळजी, दोन्ही त्यात एकत्रच राहिली. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांच्या लक्षात आलं, की इमिप्रामिन या औषधाने रुग्णांचे झटके थांबतात, पण पुढे काय होईल ही धास्ती मागे उरते. एकाच औषधाला दोन त्रास वेगवेगळा प्रतिसाद देत असतील, तर ते दोन वेगळे विकार असावेत. या निरीक्षणाचा आधार घेऊन अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने १९८०मध्ये पॅनिक डिसऑर्डर आणि जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर अशी फोड केली.

सुरुवातीला यातलं दुसरं, म्हणजे सततच्या काळजीचं निदान उरल्यासुरल्यासाठी होतं: दुसऱ्या कशात बसत नाही त्याला हे नाव. महिनाभराचा त्रासही पुरेसा मानला जाई. १९८७मध्ये ही मुदत सहा महिन्यांवर नेली आणि १९९४मध्ये ‘आवरता न येणारी काळजी’ हा निदानाचा गाभा ठरला. हे दोन बदल मोलाचे आहेत. दहावीची परीक्षा, लेकीचं लग्न, घराचा हप्ता यांची काळजी कुणाला नसते? पण प्रसंग सरला तरी काळजी सरत नाही, एक विषय मिटला की दुसरा उभा राहतो, ठरवूनही मन तिथून हटत नाही आणि असे दिवस सहा महिने चांगल्या दिवसांहून जास्त असतात, तेव्हा तो स्वभाव राहत नाही. २००६मध्ये आलेल्या ‘जीएडी-७’ या सात प्रश्नांच्या चाचणीने फॅमिली डॉक्टरलाही अंदाज घेणं सोपं केलं. २१पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर नीट तपासणी करून घ्यावी.

उपचारांची वाट मात्र वळणावळणाची होती. १९६३मध्ये डायझेपाम बाजारात आलं आणि आपल्याकडे ‘काम्पोज’ हे नाव घराघरांत पोचलं. गोळीने तासाभरात बरं वाटे, म्हणून ती वर्षानुवर्षं चाले. पुढे सवय लागे आणि एकदम बंद केली की त्रास दुपटीने उसळे. आज अशी औषधं थोड्या काळापुरतीच द्यावीत, असा सल्ला आहे. मुख्य भिस्त एस्सिटॅलोप्रॅमसारख्या औषधांवर आहे. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि इथेच कित्येक जण धीर सोडून ती मध्येच बंद करतात.

बोलण्याच्या उपचारांनी याच काळात मोठी मजल मारली. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात थॉमस बोर्कोव्हेक यांनी काळजीचाच अभ्यास केला. काळजी बहुतांशी शब्दांत चालते आणि त्या शब्दांच्या आड माणूस भयाच्या चित्रापासून लपतो, म्हणून ती सुटत नाही, असं त्यांनी मांडलं. दिवसातला अर्धा तास ठरावीक जागी काळजीसाठी राखावा आणि एरवी मनात आलेला विचार त्या वेळेवर ढकलावा, हा त्यांचा १९८३चा उपाय आजही शिकवला जातो. त्याच विद्यापीठातल्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २९ रुग्णांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या. त्यातल्या सुमारे ९१ टक्के खऱ्या ठरल्याच नाहीत.

महाराष्ट्राचं आणि गोव्याचं या प्रवासातलं योगदान आपण विसरू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या संकल्पनांवर आधारित उपचार न्यूरोसिसच्या रुग्णांवर पारखून १९७३मध्ये निष्कर्ष मांडले. योगाची महती नुसती न गाता तिची कसोटी घेणारे ते लोक होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ‘असं झालं तर’ या भीतीमागचा ‘असं होताच कामा नये’ हा हट्ट शोधायला आणि तो सोडायला त्यांनी शिकवलं. १९९०मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभ्या केलेल्या आयपीएच संस्थेने मनाचं आरोग्य हा विषय शाळा-सभागृहांपर्यंत नेला. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने तर जगाला धडा दिला. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या ‘मानस’ अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण मिळालेल्या समुपदेशकांची जोड मिळाल्यावर सरकारी आरोग्यकेंद्रांतले नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले.

म्हणजे विकार ओळखता येतो आणि तो बरा करण्याचे मार्ग महागडे असायलाच हवेत असंही नाही. तरीही बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के आढळलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीने जागा दिली, २०२२मध्ये टेलि-मानस ही फोनवरून मदत देणारी सरकारी सेवा सुरू झाली. यंत्रणा हळूहळू का होईना जवळ येते आहे. आता उंबरठा ओलांडायचा आहे तो घरच्यांनी.

तुमच्या घरात सहा महिन्यांहून अधिक काळ काळजीने पोखरलेलं कुणी असेल, तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं थांबवा आणि त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा. कुठे जावं हे कळत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.