टिपणारे कापड

ज्या प्रांतातील कापूस एकेकाळी मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या पेढ्यांवर उमरावतीच्या नावावरून 'उमरा' या संज्ञेने ओळखला जाई, त्याच प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडात, अंगणातल्या मोटारीवरचे पाणी टिपण्यासाठी दुकानदाराने हाती ठेवलेल्या उत्तमोत्तम टॉवेलात कापसाचा एक तंतूही नसावा, ही गोष्ट कोणाही वऱ्हाडी माणसास खटकल्यावाचून राहणार नाही. मला तर ती इतकी खटकली की प्रथम मी तो टॉवेल परत केला आणि घरातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा काढून गाडी पुसली. त्या स्वाभिमानाची किंमत काय पडली, हे पुढे येईलच.

मराठी भाषेने या बाबतीत आपल्याला फार पूर्वीच शहाणे करून ठेवले आहे. घासणे, पुसणे आणि टिपणे ही तीन क्रियापदे आपण एका दमात वापरतो खरी, परंतु भांडे घासतात, पाटी पुसतात आणि डोळे टिपतात. तिथे अदलाबदल चालत नाही. ज्यांनी शाळेत टाक-दौत वापरली त्यांना टिपकागद आठवत असेल: ओल्या अक्षरावर तो अलगद ठेवायचा, वरून तळहाताने दाबायचे आणि सरळ वर उचलायचा. घाई करून जो तो ओढी, त्याच्या वहीत अक्षराची शेपटी उमटे आणि मास्तरांच्या दफ्तरी त्याची नोंद होई. मोटार वाळविण्याची सारी विद्या या टिपकागदात आहे. आणि आपल्या धुलाई-केंद्रांतून जे चालते ते बहुतांशी पुसणे, प्रसंगी तर घासणेच असते.

हे भेद इतके महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी रंगाची कैफियत ऐकावी लागेल. आजच्या मोटारीचा रंग हा एक थर नव्हे. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांच्या वर काचेसारखा एक पारदर्शक लेप, ज्यास रंगकाम करणारे कारागीर 'क्लिअर' म्हणतात, अशी ही उतरंड असते. गाडीचे तेज म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते या शेवटच्या थराचे, आणि त्याची जाडी साधारणतः 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. पूर्वीच्या अम्बॅसडर आणि फियाट गाड्यांवर हे पारदर्शक कवच नसे. पॉलिश करताना रंगच फडक्यावर उतरे, आणि मालकही तो शिरस्ता मानून चाले. आता फडके स्वच्छ दिसते, म्हणून नुकसान झाले नाही असा भ्रम होतो. प्रत्यक्षात नुकसान दिसते ते संध्याकाळी, पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली: काळ्या किंवा गर्द निळ्या बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटलेली असतात. गंमत अशी की ते चरे गोल नसतातच. ते सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु त्यांपैकी प्रकाशाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिवा जिथे सरकतो तिथे त्याचे जाळेही सरकते. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटात हेच दृश्य रोज दिसते.

चरा कापडाने पडतो, ही समजूत मात्र अर्धसत्य आहे. चरा पडतो तो कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या कणाने. खनिजांची कठिणता मोजण्यासाठी फ्रेडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 साली जी दहा अंकांची श्रेणी ठरविली, तिच्यात वाळूतल्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, क्रमांक 7 आहे. आपल्या काळ्या कातळातील खनिजे बहुधा 5 ते 6 च्या घरात येतात. आणि मोटारीवरचा लेप या दोहोंपुढे अगदीच मऊ. वऱ्हाडातल्या काळ्या मातीला उगाच बदनाम करण्याचा प्रघात आहे. तिच्यातली चिकणमाती स्वतः मऊच आहे. ती गाडीला चिकटते, राड करते, पण ओरखडत नाही. ओरखडते ती तिच्यातून आलेली रेती, बांधकामांवरची वाळू, आणि गिट्टी खदानींवरून येणाऱ्या डंपरांमागे उडणारी ती करडी भुकटी. म्हणून कोरड्या गाडीवरून सुताची झटकणी फिरविण्याची जी मामुली सवय चालकवर्गात आहे, तिच्याइतकी घातक सवय दुसरी नाही. झटकणाऱ्यास वाटते धूळ गेली, आणि ती गेलेली असते ती रंगावरून फरफटत.

माझ्या पंच्याने हेच केले. अर्धी गाडी पुसून झाल्यावर तो एकदा हातातून निसटून अंगणातल्या फरशीवर पडला. मी तो झटकला, दोन बोटांनी उलटा केला आणि कामाला लागलो. पुढच्या आठवड्यात बॉनेटवर वीतभर लांबीचे तीन समांतर चरे दिसले. मी धुलाई-केंद्रातल्या पोऱ्याला दोष देण्याच्या तयारीने गाडी घेऊन गेलो, तर त्याने चऱ्यांवरून नख फिरविले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हे घरचंच काम हाय जी साहेब. आमचं गोल रायते, हे सरळ हाय." त्याचे निदान अचूक होते. फक्त 'आमचं गोल रायते' या कबुलीने मला अधिक अंतर्मुख केले.

आता कोणी म्हणेल, मग पुसताच कशाला? वऱ्हाडच्या उन्हात गाडी आपोआप वाळेल. वाळेल खरी, मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे सहज जातो आणि तापलेल्या टपावरचे पाणी बघता बघता उडते. परंतु उडते ते पाणी. त्यात विरघळलेले क्षार जागेवरच राहतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्याची ख्याती, किंवा कुख्याती, सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या विहिरीचे पाणी पिण्याला तर नाहीच, पिकालाही मानवत नाही. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात सोडून दिली की प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरे वर्तुळ बसते, आणि ते उन्हात भाजत राहिले की लेपावर कायमची खूण करून जाते. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे जे पाणी नळाने येते ते या मानाने पुष्कळच सौम्य. अकोल्यात ते रोज येत नाही, हा भाग निराळा. तिथे पाइप सोडून गाडी धुणाऱ्याच्या शेजाऱ्यांनी त्याला दोन शब्द ऐकविले तर ते मी अन्याय्य मानणार नाही. बोअरच्या पाण्याने धुवायचेच असेल तर शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची घ्यावी. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी 'वाया जाते' म्हणून कोणी या कामी योजतात. त्यात तर क्षार एकवटलेले असतात.

म्हणून टिपणे भाग आहे, आणि कापड निवडणेही. कापसाची बाजू मी प्रथम मांडतो. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, मधून पोकळ असतो, आणि पाणी तो आपल्या अंगातच मुरवून घेतो. पॉलिएस्टरला ती विद्या नाही. परंतु सपाट विणीच्या पंच्यात कणाला लपायला जागा नसते; तो कापड आणि रंग यांच्यामध्ये चिरडला जातो. ही उणीव फाशांच्या टॉवेलाने भरून काढली. तुर्कस्तानातील बुर्सा येथे हाताने विणले जाणारे असे कापड हेन्री क्रिस्टी या इंग्रज प्रवाशाच्या नजरेस पडले, त्याने नमुना मायदेशी नेला, क्रिस्टी घराण्याच्या गिरणीतील सॅम्युएल होल्ट याने ते यंत्रावर विणण्याची युक्ती काढली, आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हे टॉवेल मांडले गेले. युक्ती अशी की, मागावर ताण्याचे दोन संच घ्यायचे, एक ताठ आणि एक सैल. बाण्याचे काही धागे थोडे अलीकडे थांबवून मग एकदम ठोकून पुढे सारायचे, म्हणजे सैल ताणा उसळून त्याचे फासे उभे राहतात. महाराष्ट्रात हे काम सोलापूरकरांनी आपलेसे केले. सोलापुरी चादरीप्रमाणे तिथल्या या फाशांच्या, म्हणजे टेरी, टॉवेलालाही भौगोलिक मानांकन लाभले आहे. वऱ्हाडाने मात्र कापूस पिकवावा आणि गाठी बांधून बाहेर पाठवाव्या, हाच क्रम राहिला. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली आपल्या कारंज्यात भरला आणि 1897 साली वऱ्हाडच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. पण अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेऱ्याची विजय मिल यांचे भोंगे आता आठवणीतच वाजतात. असो.

सोलापुरी टॉवेल अंग पुसण्यास नामी. गाडीच्या काचा आणि दारांच्या आतल्या कडा टिपण्यासही मी त्याची शिफारस करीन. रंगावर मात्र त्याचे दोन दोष नडतात: तो रोंवा सोडतो, आणि जुना झाला, विशेषतः खारट पाण्यात धुवून उन्हात वाळला, की त्याचे फासे कडक होतात. या जागी जे कापड आले, त्याचे बीज 1970 साली जपानातील तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी सिद्ध केलेल्या अतिसूक्ष्म तंतूत आहे. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले तर त्यास एक डेनियर म्हणतात. कापसाचा तंतू साधारणतः त्याहून जाड, आणि हा नवा तंतू त्याच्या कित्येक पट बारीक. त्याची रचना समजण्यास वरूड-मोर्शीच्या माणसाला चित्राची गरज नाही: संत्रे आडवे कापावे आणि फोडींकडे पाहावे. फोडी पॉलिएस्टरच्या, मधले पडदे नायलॉनचे. कारखान्यात प्रक्रिया करून हे संत्रे सोलले जाते, फोडी सुट्या होतात आणि त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फटी निर्माण होतात. पाणी मुरते ते तंतूत नव्हे, या फटींत. कणही फाशांच्या बुडाशी ओढला जातो आणि रंगापासून दूर राहतो. वेष्टणावर 80:20 किंवा 70:30 असे जे लिहिलेले असते ते पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचे प्रमाण.

दुकानात गेल्यावर जीएसएमचा आकडा पाहावा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. पाणी टिपण्यासाठी 500 च्या वरचा घ्यावा. 1200 चेही मिळतात, पण ओले झाल्यावर ते उचलताना मनगट दुखते, आणि वाळायला पावसाळ्यात दोन दिवस लागतात. वेळूच्या टोपलीसारखी चौकटीदार वीण काचेला चांगली, पीळ दिलेल्या लांब फाशांची वीण रंगाला. दोन फूट रुंद, तीन फूट लांब असा एक टॉवेल लहान गाडीला पुरतो. आकड्यांपेक्षा कडेकडे अधिक लक्ष द्यावे: शिवण नायलॉनच्या टोचऱ्या दोऱ्याने घातलेली असेल, किंवा कोपऱ्यात चिठ्ठी शिवलेली असेल, तर उत्तम कापडही वाया, चिठ्ठी घरी येताच उसवून काढावी. शंका असल्यास निकामी झालेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल दाबून दहा वेळा फिरवावा आणि ती दिव्यासमोर धरावी. दुकानदाराच्या आश्वासनांची रुजुवात याहून स्वस्तात होत नाही. नवा टॉवेल एकदा धुतल्याशिवाय मात्र वापरू नये, कारण त्यावर कारखान्याची खळ असते आणि ती पाणी झिडकारते.

वापरण्याची रीत टिपकागदाची. सावलीत, गार पत्र्यावर. पाइपाचे तोंड काढून टाकून पाण्याची मंद धार टपावरून सोडली तर बरेचसे पाणी चादरीसारखे एकसंध घसरून जाते आणि टिपण्याचे काम निम्मे होते. टॉवेल किंचित दमट करून घ्यावा. ठणठणीत कोरडा टॉवेल पहिल्या क्षणी पाणी घेत नाही, हा अनुभव कोणालाही येईल. मग तो टपावर पूर्ण पसरावा, दोन्ही हातांनी हलके दाबावा, क्षणभर थांबावे आणि उचलावा. फार तर दोन कोपरे धरून स्वतःच्याच वजनाने सरळ ओढून घ्यावा. पत्र्यावरून पाण्याची चादर नाहीशी होताना मागे एक धूसर ओल उरते आणि आपल्या देखत उडून जाते. ती पाहण्यात मला अजूनही समाधान वाटते. क्रम टपापासून खाली. दारांचा गुडघ्याखालचा भाग सर्वांत मळका, त्याला दुसरे कापड, चाकांना तिसरे.

टॉवेल धुण्याचा बंदोबस्त वेगळा ठेवावा. सुती कपड्यांबरोबर धुतला तर त्यांचा रोंवा तो इमानाने गोळा करतो. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव घातले तर फटी बुजतात आणि तो पाणी टिपण्याऐवजी पसरवू लागतो. कडक गरम पाणी टाळावे, आणि इस्त्रीने तर तंतूंची टोके वितळून कडक होतात. कोमट पाणी, थोडा पातळ साबण, सावलीत वाळवणे, आणि मग झाकणाचा डबा; धुळीच्या दिवसांत दोरीवर विसरलेला टॉवेल पुन्हा धुवावा. जुना झाला की त्याची बदली होते: रंगावरून काचेवर, काचेवरून दारांच्या कडांवर, तेथून चाकांवर, आणि शेवटी इंजिनाच्या तेलात त्याची सेवानिवृत्ती. उलट दिशेने बढती नाही.

मी परत केलेला तो टॉवेल शेवटी त्याच दुकानातून पुन्हा विकत आणला, आणि पंचा चाकांच्या कामी रुजू झाला. ते तीन चरे अजून बॉनेटवर आहेत. पॉलिश करून घालविता येतील, पण त्यासाठी केसाहूनही पातळ थरातला आणखी काही भाग खर्ची घालावा लागेल, म्हणून ठेवले आहेत. वाचकांना विनंती एवढीच की, गाडी टिपताना टॉवेल हातातून निसटला आणि जमिनीवर पडला, तर तो झटकू नका; बाजूला टाका आणि दुसरा घ्या.