संशयाला पुरावा किती लागतो?

एप्रिल २०२०. टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातल्या गावपाड्यांवर रात्रीची गस्त सुरू झाली होती. चोर, मुलं पळवणारे, किडनी काढून नेणारे वेष बदलून फिरतात, अशी अफवा कासा परिसरात पसरली होती. मदतवाटप करणाऱ्या एका डॉक्टरच्या पथकावर त्याच आठवड्यात हल्ला झाला. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने ठार मारलं. ते अंत्यविधीसाठी सुरतला निघाले होते.

त्या जमावाला मनोरुग्ण ठरवणं चूक आहे. त्याने गुन्ह्याची जबाबदारी पुसली जाते आणि आजारी माणसांवर विनाकारण डाग लागतो. पण अनोळखी गाडी दिसल्यापासून ‘हे तेच’ या खात्रीपर्यंत मन किती थोड्या पायऱ्यांत पोहोचतं, हे बघायलाच हवं. ‘माझ्या वाईटावर कोणीतरी टपलंय’ या एकट्या माणसाच्या समजुतीतही तशाच पायऱ्या सापडतात.

पहिली पायरी घाईची. लंडनमध्ये फिलिपा गॅरेटी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मण्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन बरण्या: एकीत एका रंगाचे ८५ मणी आणि दुसऱ्या रंगाचे १५, दुसरीत बरोबर उलट. बरणी लपवून एकेक मणी दाखवायचा. कोणती बरणी आहे याची खात्री पटेपर्यंत माणसाने हवे तितके मणी मागायचे. पक्का भ्रम असलेले बरेच जण एक-दोन मण्यांवरच निर्णय देतात, असं पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसलं. बुद्धी कमी असते असं नव्हे. त्यांना पुरावा लवकर पुरेसा वाटतो.

आता बोईसरला खोली घेऊन राहणारा, तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक कामगार कल्पनेत आणू. तो कॅन्टीनमध्ये शिरतो आणि हसणं थांबतं. विनोद संपला असेल, मागून सुपरवायझर आला असेल. त्याच्या मनात एकच येतं: माझ्याबद्दलच बोलत होते. दुसरी पायरी ही: योगायोगात हेतू दिसू लागतो.

तिसरी पायरी सगळ्यात चिवट. तो एकटा जेवू लागतो, सोबती त्याला बोलवेनासे होतात, आणि तेवढाच आणखी एक पुरावा जमा होतो. पाठलागाच्या भीतीने तो स्टेशनचा रस्ता बदलतो. काहीच होत नाही. त्यावरून भीती खोटी ठरायला हवी. तो म्हणतो, रस्ता बदलला म्हणून वाचलो. जपण्याच्या या सवयींमुळे समजूत कधी कसाला लागतच नाही.

यात झोपेचा वाटा मोठा आहे आणि घरचे नेमकं तेच विसरतात. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर चाचणी केली; ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निद्रानाशावर उपचार मिळालेल्यांचा संशयही कमी झाला. म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा अंधारी, शांत खोली मिळणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

घरच्यांनी ‘वेडा झालास का?’ म्हटलं की तेही कटात सामील ठरतात. हो ला हो केलं की समजूत घट्ट होते. भीती खरी आहे एवढं मान्य करून विचारावं: ‘दुसरं काय कारण असू शकेल?’ आणि संशय तपासावाही, कारण कधी तो खराच निघतो. ठेकेदार पैसे कापतो असं वाटत असेल तर पगाराची पावती बघावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मात्र तो विषाच्या भीतीने जेवण सोडत असेल किंवा उशाशी कोयता ठेवून झोपत असेल, तर फोनवर थांबू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं.