कंट्रोलरच्या बॅटरीकडे कोण बघतं?

दक्षिण कोरियातल्या डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या, ही बातमी जुनी झाली. आग लागली ती यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना, म्हणजे वीज गेली तरी काम चालू राहावं म्हणून बसवलेल्या बॅटऱ्यांना. कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट साठा गेला तो गेलाच. बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा होता, म्हणून प्रत काढली नाही म्हणे! आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा फायलींसाठी हळहळून झालं, पण त्यातून गल्लीतल्या पतसंस्थेने काय घेतलं?

पतसंस्था, दवाखाना, आडत दुकान, माहितीची दुसरी प्रत कुठे आहे असं कुठेही विचारा, उत्तर एकच: ‘आमच्याकडे रेड आहे.’ म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या. मनमाडकरांना यातली गोम सांगायला वेळ लागू नये. वागदर्डी धरणाच्या भरवशावर दिवसचे दिवस नळाची वाट बघत ज्यांनी वर्षं काढली, त्यांना गच्चीवर दोन टाक्या का लागतात ते कळतं. एक फुटली तर दुसरी आहे. पण पाणीच गढूळ आलं तर दोन्हींत गढूळच भरणार. रेडचं तेच. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

१९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा वापरण्यासाठी. रेड ५ मध्ये आठ टेराबाइटच्या चार डिस्क लावल्या तर चोवीस टेराबाइट वापरायला मिळतात आणि एक डिस्क मेली तरी चालतं. विक्रेता इथे थांबतो. नवी डिस्क घातल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे चोवीस टेराबाइट, पूर्ण वाचाव्या लागतात हे तो सांगत नाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क बऱ्यापैकी बरी वागते, तरी एवढ्या मोठ्या डिस्कवर रेड ५ लावू नये, असं माझं मत. रेड ६ किंवा रेड १० घ्या. चार डिस्कमध्ये दोन्हींत सोळाच टेराबाइट हाती लागतात, पण झोप लागते.

खरा दुर्लक्षित भाग म्हणजे रेडच्या डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डावरची छोटी बॅटरी. राइट-बॅक पद्धतीत कंट्रोलर माहिती आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, ‘लिहिलं’ म्हणून कळवतो आणि डिस्कवर मागाहून उतरवतो. वेग येतो तो यातून. मध्येच लाइट गेली तर ही बॅटरी मेमरीतलं बहुधा दोन-तीन दिवस धरून ठेवते. दुकानातल्या इन्व्हर्टरला आठवणीने डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस या बॅटरीचं नावही घेत नाही. ती दोन-तीन वर्षांत थकते, आणि मे महिन्यात पंख्यावर भागवणाऱ्या खोलीत त्याहून लवकर.

बॅटरी थकली की शहाणा कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर जातो, म्हणजे डिस्कवर उतरल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणत नाही. बॅटरी स्वतःची तपासणी करताना, पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हाही तेच होतं. सर्व्हर रेंगाळतो, तक्रार जाते, आणि येणारा तंत्रज्ञ काय करतो? ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक’ ही सेटिंग चालू करून देतो. वेग परत येतो, गिऱ्हाईक खूश, बिल निघतं. पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा मेमरीतल्या नोंदी जातात आणि डेटाबेस उघडत नाही. ही सेटिंग मुळात दिलीच का जाते, हे मला उमगलेलं नाही.

डिस्कच्या पोटातही स्वतःची वेगळी कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी असते आणि कंट्रोलरची बॅटरी तिला वाचवत नाही. ती बंद ठेवावी. नवीन कंट्रोलर घेताना फ्लॅश आणि सुपरकपॅसिटरवाला मागा: वीज जाताच तो मेमरीतलं फ्लॅशवर उतरवून ठेवतो, मग लाइट आठवड्याने आली तरी बिघडत नाही. राहता राहिली दुसरी प्रत. ती नाशिकला, येवल्याला, कुठेही ठेवा, फक्त त्याच खोलीत नको. आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून फायली खरोखर उघडून बघा.