कुंपणावरची चंद्रज्योत

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे आहेत. येथील मुले रानात टेंभरे व चारे आवडीने खातात. पण रानातील प्रत्येक फळ खाण्याजोगे नसते.

शेताच्या कुंपणावर चंद्रज्योतीचे झुडूप दिसते. त्याला मोगली एरंड असेही म्हणतात. गुरे त्याचा पाला खात नाहीत, म्हणून शेतकरी ते कुंपणाला लावतात.

हे झुडूप कसे ओळखावे? एरंडाची पाने पंजासारखी खोल कापलेली असतात आणि फळांवर मऊ काटे असतात. चंद्रज्योतीची पाने रुंद, कडेला थोडीशीच कापलेली असतात. फळ गुळगुळीत असते. ते आधी हिरवे, मग पिवळे व वाळल्यावर काळपट होते. आत बहुधा तीन काळ्या बिया असतात.

बीमधला पांढरा गर शेंगदाण्यासारखा गोड लागतो. येथेच मुले फसतात! या दोन्ही झाडांच्या बिया विषारी आहेत. चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होतात. महाराष्ट्रात अनेक शाळकरी मुलांना अशी विषबाधा झाली आहे.

मुलांनो, कोणी बिया खाल्ल्या तर भीतीने लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा. दवाखान्यात जाताना एक फळ सोबत न्या.